दोन रुपयांचा आक्षेप

मत न देणाऱ्या माणसाशी वाद घालायला दाजींना फार आवडतं, आणि असा एक माणूस त्यांच्या नात्यातच आहे. त्यांचा धाकटा मेहुणा. दाजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीत असताना जवळपास प्रत्येक निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची, शेवटी शेवटी तर केंद्राध्यक्ष म्हणूनच. मेहुण्याचं भोसरीत डाय आणि फिक्श्चर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. दाजी त्याला सातारी रिवाजाप्रमाणे ‘पाव्हणं’ म्हणतात, म्हणून मीही इथं तेच नाव ठेवलंय. मी दाजींचा शेजारी आणि या वादाचा कायमचा श्रोता. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही. यात्रेला, दिवाळीला, एकदा लग्नाच्या मांडवात असं तुकड्यातुकड्यानं झालेलं मी जोडून घेतलंय. शिव्या गाळल्यात. फार नव्हत्याच.

पाव्हणं: दाजी, तुम्ही सारखं कर्तव्य कर्तव्य म्हणता. घटनेत मूलभूत कर्तव्यं अकरा. राष्ट्रध्वजाचा मान राखा, नद्या-जंगलं जपा, पोरांना शाळेत घाला, सगळं आहे. मत द्या, हे कुठं लिहिलंय?

दाजी: नाही लिहिलेलं. अकराच्या अकरा कर्तव्यं मी पोरांकडून पाठ करून घेतलीत, मला काय सांगता? कलम 51-क मध्ये मत नाही. मत आहे कलम 326 मध्ये, हक्क म्हणून. पण तो हक्क आला कसा ते बघा. 1935 च्या कायद्याखाली मत द्यायला जमीन, कर, शिक्षण, यांतलं काहीतरी नावावर लागायचं. तुमच्या आजोबांच्या नावावर काय होतं?

पाव्हणं: कर्ज.

दाजी: मग? 1919 मध्ये साउथबरो समितीपुढं बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढं त्यांनी सरळ मागणी केली, सगळ्या सज्ञानांना मत द्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही. त्या काळी भल्याभल्यांना ते वेडेपणाचं वाटत होतं. आणि तुम्ही मतदानाची सुट्टी घेऊन महाबळेश्वरला जाता.

पाव्हणं: एकदाच गेलो होतो. आणि मिळालेली गोष्ट वापरलीच पाहिजे असं कुठाय? वापरायची नाही, हाही हक्कच की. नसेल पटत तर सक्ती करा. ऑस्ट्रेलियात 1924 पासून आहे. न जाणाऱ्याला वीस डॉलर दंड.

दाजी: सक्ती मला नको. गुजरातनं स्थानिक संस्थांपुरता तसा कायदा केला होता, 2015 मध्ये हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. बरंच झालं. धरून आणलेला माणूस काय करणार? पहिलं दिसेल ते बटण दाबणार.

इथवरचं भांडण पाठ्यपुस्तकातलं. पाव्हणं खरे पेटतात ते पुढच्या मुद्द्यावर, आणि त्यांच्या पेटण्यात मला दम वाटतो.

पाव्हणं: 2019 ला मी गावाकडं येऊन मत दिलं. रांगेत दीड तास. ज्याच्या विरोधात दिलं, त्याच्याच मांडीला मांडी लावून माझा माणूस महिन्याभरात बसला. बरं, तेही सोडा. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. मी एवढंच विचारतो, की पक्षांतरबंदीचा कायदा 1985 पासून आहे ना? मग माझं मत ज्या गाडीत बसवलं होतं ती गाडी मला न विचारता दुसऱ्या गावाला कशी गेली?

दाजी: याला माझ्याकडं उत्तर नाही.

पाव्हणं: आणि पिंपरी-चिंचवडचं? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. नगरसेवक नव्हता, सभागृह नव्हतं. माझ्या शेडसमोरचं गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला? कर्तव्य माझं, आणि निवडणूक घ्यायचं कर्तव्य कुणाचं?

दाजी: हे बरोबर बोललात. पण पाव्हणं, तुमचं नाव तर अजून गावच्या यादीत आहे. पिंपरी-चिंचवडला निवडणूक लागली असती तरी तुम्ही काय करणार होता?

पाव्हण्यांनी यावर चहा मागितला.

दाजींना आकडे आवडतात. ते तोंडपाठ सांगतात: 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा 48 मतांनी गेली. त्याच वर्षीच्या विधानसभेला मालेगाव मध्य 162 मतांनी, साकोली 208 मतांनी. राजस्थानात 2008 मध्ये नाथद्वारात सी. पी. जोशी एका मतानं पडले. ही यादी शाळेच्या भाषणासाठी उत्तम आहे. पाव्हणं मात्र टूलरूमचे, मापात बोलतात.

पाव्हणं: 48 मतांनी गेली म्हणजे माझ्या एकट्याच्या मतानं 47 झाली असती नाहीतर 49. निकाल तोच. एका मतानं निकाल फिरायचा योग माझ्या जन्मात येणार नाही. खोटी आशा दाखवून माणसाला रांगेत उभं करू नका.

दाजी: ठीक. निकाल सोडा. हिशेब दुसरा आहे. कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण दिलं की नाही हे गुप्त नसतं. खोलीत बसलेला प्रतिनिधी यादीवर खुणा करत असतो. संध्याकाळपर्यंत प्रत्येक पक्षाच्या पोराला कळलेलं असतं की या आळीतून कोण आलं, कोण नाही. 2024 च्या विधानसभेला राज्यात साधारण 66 टक्के मतदान झालं, जवळपास 30 वर्षांतलं सगळ्यात जास्त. गडचिरोली जिल्ह्यात 70 च्या वर, आणि मुंबईत कुलाब्याला निम्मंसुद्धा नाही. आता तुम्ही उमेदवार आहात असं समजा. हातात शेवटचे तीन दिवस आहेत. न येणाऱ्या आळीत जाल?

पाव्हणं: नाही जाणार.

दाजी: मग गटार कुणाचं आधी उपसलं जाईल?

पाव्हणं: कुलाब्याचं.

हे उत्तर पाव्हण्यांनी इतकं चटकन दिलं की दाजींना हसू आवरेना. मी मात्र ते नोंदवून ठेवतो, कारण दाजींच्या सिद्धांतातली भेग तिथंच आहे. कुलाब्यातली माणसं मत न देताही सरकारच्या दारात पोचतात. ज्याला तसं पोचता येत नाही त्यालाच मताची गरज. म्हणजे मत हे दुबळ्याचं हत्यार आहे, आणि भोसरीचा लघुउद्योजक स्वतःला दुबळा मानायला तयार नाही. इथं सगळी गोम आहे असं मला वाटतं. असो.

आता मूळ दुखण्याकडं. पाव्हण्यांनी मत देणं सोडलं ते पक्षफुटीमुळं नव्हे. भावकीमुळं.

पाव्हणं: मागच्या ग्रामपंचायतीला आमचे दोन चुलतभाऊ दोन पॅनेलमध्ये. एकाच आडाचं पाणी प्यालेले. निकाल लागला त्या दिवशी एकाच्या दारात गुलाल उधळला, डीजे लावला, मुद्दाम अर्धा तास लावला. दुसऱ्यानं पाइपलाइन तोडली. पुढं चुलती गेली तर दहाव्याला आला नाही. मी दोघांकडं जाणारा, तर दोघांनी मला विचारलं, ‘तू कुणाला दिलंस?’ खरं सांगितलं तर एक जातो, खोटं सांगितलं तर मी जातो. भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तिथं आता फक्त ॲडमिन लिहू शकतो. तोही फक्त निधनवार्ता टाकतो. मतामुळं माणसं तुटत असतील तर मला मत नको, माणसं द्या.

दाजी: पाइपलाइन मतानं तोडली का?

पाव्हणं: शब्दात पकडू नका. मी म्हणतो, गावात निवडणूक बिनविरोध करा. बसा देवळात, ठरवा, उठा. कटकट नाही.

दाजी: देवळात बसून कोण ठरवतं ते मला माहितेय. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. का? सरपंचपदाचा लिलाव झाला होता म्हणून. देवळासाठीच पैसे, असं सांगत होते. सगळं गोडीगुलाबीनं, एक आवाज नाही. ज्याच्याकडं पैसा त्याची बोली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. अशी शांतता पाहिजे का तुम्हाला? मला भांडण चालेल.

पाव्हणं: दहाव्याला न येण्यापर्यंतचं भांडण?

दाजी: ते नाही. भांडायचं कसं, हे आपण शिकलोच नाही. आणि ते शिकायला कुठं लांब जायला नको. मतदान केंद्राच्या खोलीत या.

हा भाग दाजी रंगवून सांगतात आणि मला तो दरवेळी ऐकावासा वाटतो. मतदान सकाळी 7 ला सुरू होणार असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान. ज्या पक्षांची पोरं रात्री उशिरापर्यंत एकमेकांच्या नावानं घोषणा देत होती, तीच त्या अंधारात झोपमोड करून एका बाकावर येऊन बसतात. किमान 50 मतं टाकून बघायची. कुठल्या बटणाला किती, कागदावर लिहायचं, यंत्रातली बेरीज जुळवायची, मग ती मतं पुसायची. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद. कंट्रोल युनिटच्या कागदी सीलवर सगळ्यांच्या सह्या. एकाला आपल्या पेनाची शाई संपल्याचं तिथं कळतं आणि तो विरोधी पक्षाचं पेन घेतो.

दाजी: एका केंद्रावर एक म्हातारा आला. कमरेत वाकलेला, डोक्याला मफलर. चिठ्ठी दिली. एका पक्षाचा प्रतिनिधी उठला, म्हणाला, ‘गुरुजी, हे ते नाहीत. ते मुंबईला पोराकडं असतात.’ खोली गप्प. आता नियम असा, की आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये रोख भरायचे. हे 1961 पासून नियमात आहे, रक्कम वाढलेली नाही. मी पावती फाडली. म्हाताऱ्याला समज दिली की खोटं निघालं तर शिक्षा होते. मग विचारलं, बापाचं नाव काय, घर कुठं, शेजारी कोण. त्यानं सांगितलं. पोलीस पाटलाला बोलावलं, त्यानं ओळखलं. पोराकडं असतो खरा, मतासाठी एसटीनं आलेला. आक्षेप फेटाळला. आता दोन रुपयांचं काय? आक्षेप खोडसाळ असेल तर सरकारजमा, प्रामाणिक असेल तर परत. त्या पोराची खरंच चूक झाली होती. परत दिले, सही घेतली. म्हातारा शाई लावून घेताना त्याला म्हणाला, ‘तुझ्या आज्याबरोबर मी कुस्त्या केल्यात, आन्‌ मला वळखत न्हाईस व्हय?’ सगळी खोली हसली. जेवणाच्या वेळी त्या पोराला भाकरी कुणी दिली? समोरच्या पक्षाच्या प्रतिनिधीनं. खोली सोडून जाता येत नव्हतं ना दोघांनाही. एकमेकांवर नजर ठेवायची होती.

पाव्हणं: म्हणजे प्रेमानं नाही जेवले.

दाजी: अजिबात नाही. संशयानं जेवले. पण जेवले. मी तेवढंच मागतो. संशय घ्या, पण दोन रुपये भरून घ्या. विचारा, पुरावा द्या, फेटाळला तर गप बसा. हे सगळं तिथं बाकावर होतं. गावात परतल्यावर तोच माणूस फुकटात आक्षेप घेत सुटतो, आणि फेटाळला तरी गप बसत नाही.

पाव्हणं: खोलीत पोलीस असतो, दाजी.

दाजी: दाराबाहेर असतो. आणि घरात पोलीस नसतानाही हे जमवलेली माणसं आहेत की. एन. डी. पाटील आणि शरद पवार कोण होते एकमेकांचे? आपल्यासारखेच, दाजी-मेहुणे. पवारांची बहीण एनडींना दिलेली. एनडी जन्मभर शेकापचे. 1978 च्या पुलोद मंत्रिमंडळात पवारांबरोबर सहकारमंत्री होते. पुढं रायगडच्या सेझविरुद्ध उतरले, कोल्हापूरच्या टोलविरुद्ध म्हातारपणी रस्त्यावर बसले. राज्यात तेव्हा मेहुण्यांच्या पक्षाची सत्तेत भागीदारी होती. आंदोलन आवरलं नाही आणि नातंही तोडलं नाही.

पाव्हणं: मोठ्यांचं जमतं. त्यांची पाइपलाइन कुणी तोडत नाही. आणि मोठ्यांचं तरी नेहमी कुठं जमतं? 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये खुर्च्या उडाल्या, जोडा फेकला. चांगली शिकली-सवरलेली वकीलमंडळी होती.

दाजी: जोडा फेकणाऱ्यांच्या गटाचे टिळक. आणि फेब्रुवारी 1915 मध्ये गोखले गेले तेव्हा सिंहगडावरून उतरून अंत्ययात्रेला आले, तिथं बोलले, तेही टिळकच. तुमचा चुलतभाऊ दहाव्याला गावातल्या गावात आला नाही.

पाव्हणं गप्प बसले. मला वाटलं संपलं. पण या माणसाची रीतच अशी, की हरल्यासारखा बसतो आणि मग हातोडा घालतो.

पाव्हणं: बरं, तुमची ती खोली मान्य. आता मोजणीच्या खोलीत चला. मशिन केंद्रवार उघडतात. फॉर्म 20 मध्ये प्रत्येक केंद्राची मतं छापून येतात. आमच्या वाडीचं केंद्र वेगळं. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या हातात कागद असतो: या वाडीनं मला इतकी दिली, त्याला तितकी. मग वाडीचा रस्ता अडतो. माझं एकट्याचं मत गुप्त आहे, पण माझ्या वाडीचं उघडं आहे. तुम्ही म्हणता भांडू नका, आणि भांडणाचा कागद तुमची व्यवस्थाच छापून देते.

दाजी: …

पाव्हणं: कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज वाटेल तिथं वेगवेगळ्या पेट्यांतल्या मिसळून मोजता यायच्या. बरोबर?

दाजी: बरोबर. यंत्रांसाठीही तसं करता येतं. टोटलायझर म्हणतात त्याला. अनेक केंद्रांची यंत्रं जोडायची आणि एकत्र बेरीज काढायची. केंद्रीय निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं होतं. विधी आयोगानं 2015 च्या 255 व्या अहवालात शिफारस केली.

पाव्हणं: मग आलं का नाही?

दाजी: वाडीनं कुणाला दिलं हे ज्यांना कळायला हवं असतं, त्यांनीच ते आणायचं आहे.

पाव्हणं: झालं तर मग. यासाठी एखाद्यानं मत मागितलं तर भोसरीहून चालत येईन.

दाजी: तोवर ‘नोटा’ दाबा, ‘यांपैकी कुणी नाही’चं बटण. लातूर ग्रामीणला 2019 मध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, 27 हजारांवर मतं घेऊन. निवडून कुणी आलं ते आलंच, पण तो आकडा सगळ्यांना दिसला. महाबळेश्वरला गेलेला माणूस कुठल्याच आकड्यात नसतो.

या टप्प्यावर अक्का आतून आल्या. अक्का म्हणजे दाजींच्या पत्नी, पाव्हण्यांची थोरली बहीण. इतका वेळ आत गवार निवडत होत्या, पण कान इकडंच.

अक्का: एक सांगू? तुम्हा दोघांना ‘कुणाला दिलंस’ असं विचारलं की उत्तर द्यावंसं वाटतं, तिथं घोळ आहे. मला लग्न झाल्यापासून हे दर निवडणुकीला विचारतात. मी म्हणते, दिलं एकाला. ह्यांनी माझ्यापुढं भाषणं केली, यादी वाचून दाखवली, एकदा रुसले. नाही सांगितलं. आमचं काय तुटलं?

दाजींनी मान खाली घातली. खरं असावं.

या घरात अक्कांचं बोलणं शेवटचं धरतात, पण मला त्याला एक जोड द्यायची आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं तशी नावं धरायला नकार दिला. कठोर वाटतो निर्णय, पण त्यातून एक गोष्ट ठाम झाली, की मत घराचं नसतं, कुळाचं नसतं, वाडीचं नसतं. ते एका नावाचं असतं. भावकी जेव्हा ‘आपलं मत’ म्हणते तेव्हा ती बरोबर याच्या उलट जात असते, आणि पाइपलाइन तुटते ती त्या ‘आपलं’पायी.

माझा कौल विचाराल तर मत देण्याच्या प्रश्नावर दाजी बरोबर आहेत, आणि न देण्याची पाव्हण्यांची कारणं दाजींनी मानली त्यापेक्षा खरी आहेत. बूथवार मोजणीच्या मुद्द्यावर तर पाव्हण्यांनी वाद जिंकला. पण जिंकलेला मुद्दा घेऊन घरी बसून चालणार नाही, कारण तो मुद्दा मांडायचा तो मत मागायला आलेल्या माणसापुढंच, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याच्या दारात तो थांबत नाही. राहायची जागा बदलली असेल तर नाव हलवायला नमुना 8 भरावा लागतो. नव्यानं नोंदवायचं तर नमुना 6. 18 पूर्ण झाल्याची पात्रता आता वर्षातून चार तारखांना मोजतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर.

लोकसभेचा किंवा विधानसभेचा उमेदवार दारात आला की रस्ता, पाणी, लाइट हे सगळं विचाराच. त्याच्या जोडीला एक प्रश्न आणखी विचारा: केंद्रवार मतमोजणी बंद करायला तुमचा पाठिंबा आहे का? हो की नाही. तो इकडचं तिकडचं बोलायला लागला तर चहा द्या, आणि पुन्हा विचारा.